रुचिराच्या पलीकडे: पाकपुस्तकं आणि खाण्यावरचं वाचन

मिरगुंड
'पाकृ (पाककृती) हवी आहे' छाप धागे इथे ढिगाने आहेत, त्यात अजून एकाची भर नको. हा धागा पुस्तकांचा. स्वयंपाकाची पुस्तकं, खाण्यावरचे लेख, आत्मचरित्रं, इतिहास, काहीही चालेल. अट एकच: तुम्ही स्वतः वाचलेलं असावं. 'छान आहे म्हणतात' हे नको.

सुरुवात मीच करते. सध्या लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' उशाशी आहे. १९१० चं पुस्तक. बाई मुंबईच्या पाठारे प्रभू, त्यामुळे मासे-मटण पुस्तकात मागच्या दाराने येत नाही, राजरोस येतं. नंतरच्या बऱ्याच मराठी पुस्तकांत सामिष प्रकरण शेवटी चार पानांत उरकलेलं असतं, जणू पाहुणे आल्याशिवाय घरात कोळंबी येतच नाही. शंभर वर्षांपूर्वीची बाई याबाबतीत जास्त मोकळी वाटते.

मी ते करून बघायला वाचत नाही, खरं सांगायचं तर. लिहिणारीने काय काय गृहीत धरलंय ते शोधत बसायला मजा येते. विस्तव सतत पेटता आहे, वाटण वाटायला घरात हात आहेत, नारळ संपत नाही. आता तुम्ही बोला.

सातूचं_पीठ
वाखु (वाचनखूण) साठवली. कोळंबीच्या वाक्याला +१००.

ग्रंथकीटक
अरे वा, बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा.

१९१० च्या आधी ३५ वर्षं मागे जा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र', १८७५. पहिलं छापील मराठी पाकपुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. लिहिणारा पुरुष, रांधणाऱ्या बायका, आणि त्यातल्या अक्षरओळख असलेल्या त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग हे विकत कोण घेत असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

त्याच्याही मागे गेलात तर हस्तलिखितं, तीही बहुतेक संस्कृतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याचा 'मानसोल्लास' साधारण ११३० चा. राजाने कोणकोणते भोग कसे घ्यावेत याची ती जंत्री, आणि त्यात 'अन्नभोग' नावाचं आख्खं प्रकरण. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजने तो श्रीगोंदेकरांकडून संपादून घेऊन तीन खंडांत छापला, पहिला खंड १९२५ चा. त्यात पूरिका आहेत, ढोसक आहे, इडरिका आहे. ही इडरिका निव्वळ उडदाची, तांदूळ नाही, आंबवणं नाही. इडलीवाल्यांनी शेंडी धरायची ती इथूनच.

आणि शेतातल्या उंदरांची कृती आहे. नदीकाठच्या शेतातले काळे, दणकट उंदीर. शेपटीला धरून गरम तेलात, केस निघेपर्यंत. मग गरम पाण्याने धुऊन, पोट फाडून, आवळा आणि मीठ घालून शिजवायचे. राजाच्या ताटात, बरं का.

लोखंडी_तवा
ग्रंथकीटक, मी जेवता जेवता वाचत होतो. मनापासून आभार.

ग्रंथकीटक
@लोखंडी_तवा, मग १७ व्या शतकातलं 'भोजनकुतूहल' घ्या. रघुनाथ गणेश नवहस्त, तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाला गेलेले पंडित. त्यात जिलबीची कृती आहे. तोंड गोड करा.

अनुस्वार
विषय रंजक आहे, पण उंदीर आणि इडरिका वाचून उद्याच्या डब्याचं काय? मला असं पुस्तक सांगा की ज्यातलं सकाळी साडेसहाला उघडून काहीतरी जमेल.

खरवस
@अनुस्वार, मग मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा'. आमच्या सोसायटीत जितकी कपाटं तितक्या प्रती असतील. बाई गप्पा मारत नाहीत, साहित्य-कृती-संपलं. साडेसहाला तेच हवं असतं.

आणि 'हमखास पाकसिद्धी', जयश्री देशपांडे. पदार्थ का फसतो, त्याचं कारण सांगणारं पुस्तक मराठीत दुर्मीळ. चिरोटे उघडे का पडले, वड्या पडल्याच नाहीत तर पुढे काय करायचं, अशा प्रश्नांना बाकी पुस्तकं उभंच करत नाहीत. त्यांच्या मते तुमचं फसतच नसतं.

मिरगुंड
खरवस, अगदी! 'वड्या पाडाव्यात' असं एक वाक्य आणि विषय संपला. पडल्या नाहीत तर चमच्याने खा.

बे_एरिया_बाळू
मी इथे अमेरिकेत आलो तेव्हा सामानात 'रुचिरा' होतं, आईने साड्यांच्या घडीत घालून दिलेलं. (साड्या बायकोच्या.) १९७० ची पहिली आवृत्ती, कमलाबाई ओगले. माझी प्रत अर्थातच पुढची. त्या पुस्तकाने परदेशातल्या एका पिढीला जेवू घातलंय, त्यामुळे धाग्याच्या नावातल्या 'पलीकडे'ला माझा सौम्य निषेध.

पण एक शंका कायम. सगळं प्रमाण वाटीत. माझ्याकडे जो कप आहे तो साधारण २४० मिलीचा. आईची आमटीची वाटी त्याच्या पाऊणपटही नसेल. मग 'एक वाटी' म्हणजे नक्की किती?

खरवस
बाळू, वाटी कुठलीही घे, पण एकदा घेतलीस की शेवटपर्यंत तीच. रुचिराची खरी करामत तीच आहे. घरात वजनकाटा कुणाकडे होता? वाटी आणि चमचा मात्र प्रत्येकीकडे. एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, वाटी पेल्याएवढी असो नाहीतर बोळक्याएवढी, शिरा होणारच. फसतं कुठे, तर जिथे नग येतो तिथे. 'दोन वाट्या तांदूळ, चार मिरच्या, एक नारळ.' नारळ काही वाटीबरोबर लहान-मोठा होत नाही. शिवाय केक. केकला वाटी चालत नाही, ग्रॅम लागतात. असो.

सातूचं_पीठ
मग जुन्या पुस्तकांतल्या शेर-मापट्यांचं काय करायचं? माझ्याकडे पणजीच्या काळातलं एक आहे, मुखपृष्ठ गेलंय, नाव कळत नाही. 'अदशेर गूळ, रुपयाभार वेलदोडे' अशी भाषा. वेलदोडे रुपयाचे की रुपयाएवढे?

ग्रंथकीटक
रुपयाएवढे, म्हणजे रुपयाच्या वजनाचे. ब्रिटिश रुपया एक तोळ्याचा, साधारण ११.६६ ग्रॅम. त्यामुळे 'रुपयाभार' ही सगळ्यात भरवशाची खूण, ती देशभर सारखी.

शेर मात्र घात करतो. बंगालकडचा ८० तोळ्यांचा शेर जवळपास ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा जुना वजनी शेर त्याच्या एक-तृतीयांश, ३१७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पुस्तक कुठे आणि कधी लिहिलं ते माहीत नसेल तर 'अदशेर गूळ' दीडशे ग्रॅमही असू शकतो आणि पावणेपाचशेही. शिवाय धान्याचा शेर हा मापाचा, वजनाचा नव्हे: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. एकाच कृतीत तांदूळ मापाने आणि गूळ वजनाने असेल तर नुसतं गुणोत्तर धरून चालत नाही.

माझी पद्धत सांगतो. त्याच पुस्तकातली अशी कृती शोधायची जिचं प्रमाण आजही सगळ्यांना पाठ आहे. पुरणपोळी सगळ्यात सोयीची, कारण हरभरा डाळीला गूळ किती याची आपल्याला साधारण कल्पना असते. लेखकाचा शेर किती मोठा ते तिथे उघडं पडतं. मग बाकीचं पुस्तक वाचायचं. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत हा सगळा गोंधळ मिटला, पण त्याआधीच्या प्रत्येक पुस्तकाशी ही झटापट आहेच.

सातूचं_पीठ
पुरणपोळीची युक्ती कमाल आहे. आज रात्रीच बघते.

तिरफळ
गोव्याहून. आमच्याकडचं म्हणाल तर 'रसचंद्रिका' हवंच. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाचं, अंबाबाई संशी यांचं. मुळात मराठीत आलं, नंतर इंग्रजीत गेलं आणि आता लोकांना इंग्रजीच माहीत असतं. नुसत्या पाकृ नाहीत, सणवारांचा भागही आहे. मुगागाठी, खतखतं वगैरे शोधणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

इतिहास हवा असेल तर फातिमा दा सिल्वा ग्रासियस यांचं 'कुझिन्या द गोवा', २०११ चं, इंग्रजी. बाई इतिहासकार आहेत. पोर्तुगीजांनी मिरची आणली, बटाटा आणला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ख्रिस्ती घरातलं आणि हिंदू घरातलं रांधप एकाच गावात वेगळं का, आंबटपणासाठी एकीकडे व्हिनेगर आणि दुसरीकडे भिंडां-सोलं (आमसुलं) का, हे नीट उलगडलेलं वाचायला मिळणं विरळाच. आणि दिवाडचा पाव, सांता क्रूझचा पाव अशा भानगडीत जीव रमत असेल तर गोव्यातल्या पोदेरांबद्दल, म्हणजे पाववाल्यांबद्दल, जे मिळेल ते वाचा. तो एक स्वतंत्र धागा होईल.

लोखंडी_तवा
काढा धागा, मी पाव घेऊन येतो.

परभणीकर
दोन दिवस नुसतं वाचतोय. सगळी पुस्तकं थोर आहेत, वाद नाही. पण एक गोष्ट सांगू? यातल्या एकाही पुस्तकात माझं घर नाही.

आमच्याकडे येसर असतो. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, धने-मिरची-मसाल्यासोबत दळून ठेवायची. लग्नात, कार्यात मोठ्या हंड्यात आमटी लागते, तेव्हा हे पीठ कालवून पाचशे माणूस जेवतं. डाळ महाग होती म्हणून निघालेली ही अक्कल आहे. मुंबई-पुण्याच्या कुठल्या जुन्या पुस्तकात येसर दिसला तर मला दाखवा.

म्हणून माझ्याकडून शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाचं खाणं. त्यात चान्या आहेत, म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून उन्हात वाळवलेल्या. रक्ती आहे, म्हणजे रक्ताचा पदार्थ. जनावराच्या कोणत्या भागाचं काय करायचं, ते आहे. तेल-तूप, दूध-दही जवळपास नाहीच, कारण घरात नव्हतंच. आणि नुसत्या पाकृ देऊन माणूस थांबत नाही, धर्मग्रंथांपासून संतांपर्यंत खाण्याची उतरंड कशी लावली गेली तेही मांडतो. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला, 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' नावाने, आणि मग आपल्याकडच्या लोकांना मराठी पुस्तक असल्याचा शोध लागला.

शुद्धतूप
पुस्तक चांगलं असेलही. पण खाण्यात जात कशाला आणायची? रुचिरा काय कुठल्या एका जातीसाठी लिहिलं नव्हतं. पदार्थ हा पदार्थ असतो, ज्याला आवडेल त्याने करावा.

परभणीकर
@शुद्धतूप, भाऊ, मी आणली नाही. ती पंगतीतच होती. कोण कुठे बसणार, कुणाला वरून वाढणार, कुणी उरलेलं घेऊन जायचं, हे ठरलेलं होतं. माझ्या आजोबांनी बघितलेलं आहे, हे काही पुराणातलं नाही.

तिरफळ
शुद्धतूप, एक बघा. मी वर 'रसचंद्रिका' सुचवलं, सारस्वतांचं म्हणूनच सुचवलं. मिरगुंडने पाठारे प्रभू म्हटलं. सीकेपी खासियत म्हणून पुस्तकं आहेत, कोकणस्थी म्हणून आहेत, फराळाच्या जाहिराती आहेत. तेव्हा कुणाला खटकलं नाही, मलाही नाही. पाटोळ्यांचं नाव आल्यावरच 'जात कशाला' हा प्रश्न का आला?

शुद्धतूप
तुमचा मुद्दा समजला. तरी मला वाटतं की पाकपुस्तक रांधायला असतं, वाद घालायला नाही. बाकी ज्याचं त्याला.

मिरगुंड
रांधायलाच असतं तर धुरंधरबाईंचं पुस्तक मी कधीच रद्दीत दिलं असतं. :) पण शुद्धतूप, तुम्ही 'रुचिरा सगळ्यांसाठी' म्हणालात त्यावर मी विचार करत होते. पुस्तक सगळ्यांनी वापरलं हे खरं. पण गोडा मसाला, आमटीत गूळ, सणाला पुरण, हेच 'महाराष्ट्रीय जेवण' असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते छापील पुस्तकांमुळेच ना? ज्या घरांत लिहिणारं माणूस आधी आलं, त्या घरांचा स्वयंपाक राज्याचा झाला. यात कमलाबाईंचा दोष नाही, त्यांनी त्यांचं घर प्रामाणिकपणे लिहिलं. बाकीची घरं लिहायला उशीर झाला, आणि लिहिली तेव्हा आपण विकत घेतली नाहीत.

अनुस्वार
इथे मी सकाळच्या डब्याचं विचारायला आलो होतो, विसरलोच. परभणीकर, पाटोळ्यांचं मागवतोय.

याच वाटेवरचं अजून काही? आत्मचरित्रं चालतील म्हणालात म्हणून विचारतो.

परभणीकर
भरपूर. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', दया पवारांचं 'बलुतं', लक्ष्मण माने यांचं 'उपरा'. भूक काय असते ते वाचायचं तर हीच पुस्तकं. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' कोकणातलं आहे, त्यात मासळीचं वाचा. मासे म्हटल्यावर आपल्याला पापलेट-सुरमई दिसते; तिथे गरिबाच्या घरी काय आणि किती यायचं ते कळतं.

पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये एक काढलं होतं, 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' नावाचं. शर्मिला रेगे आणि विद्यार्थिनींचं काम. दलितांच्या खाण्याच्या आठवणी आणि इतिहास. आकाराने लहान, पण वाचल्यावर अभ्यासक्रमातली 'भारतीय थाळी' जरा वेगळी दिसायला लागते.

फुकटफाकट
एवढी मोठी यादी कोण विकत घेणार राव. यातल्या तीन पुस्तकांच्या पीडीएफ आहेत माझ्याकडे, हा घ्या दुवा:
[प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे]

संपादक
दुवा काढला आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. वरच्या यादीतले बरेच लेखक तर आजही लिहिते आहेत. १८७५ च्या 'सूपशास्त्र'सारख्या पुस्तकाचं स्कॅन मिळालं तर खुशाल द्या. आजच्या पुस्तकांचं इथे चालणार नाही. धागा वाचनीय चालला आहे, तसाच चालू द्या.

सातूचं_पीठ
विकत घेणं परवडत नसेल तर ग्रंथालयं आहेत की. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, ठाण्याचं तर १८९३ पासून. पाकशास्त्राचं कपाट बहुधा कोपऱ्यात असतं आणि पुस्तकांच्या पानांना हळद लागलेली असते, म्हणजे लोक खरोखर वापरतात. जुनी विकत हवी असतील तर माटुंग्याला माहेश्वरी उद्यानाच्या फुटपाथवर चक्कर मारा. पुण्यात अप्पा बळवंत चौक. 'स्त्री' मासिकाचे जुने अंक दिसले तर सोडू नका, ते मासिक १९३० साली सुरू झालंय. सदरांइतक्याच त्यातल्या जाहिराती वाचण्यासारख्या आहेत. वनस्पती तूप घरात कसं शिरलं ते जाहिरातींतून जितकं कळतं तितकं पुस्तकांतून नाही.

बे_एरिया_बाळू
अमेरिकेतल्यांसाठी एक गुपित. इथल्या मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकं आहेत आणि भरपूर आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत कार्यालय आहे, १९६० च्या दशकापासून ते भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन इकडे पाठवतं. शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाई संग्रह तर प्रसिद्धच आहे. 'वर्ल्डकॅट'वर (जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित ऑनलाइन सूची) नाव टाकायचं, रोमन लिपीत, वेगवेगळ्या स्पेलिंगने दोन-चारदा, आणि आपल्या गावच्या ग्रंथालयाला आंतरग्रंथालयीन मागणी करायला सांगायचं. ग्रंथपाल बाई चकित होतात, पण आणून देतात. महाराष्ट्रात जे फुटपाथवर मिळालं नाही ते मला शिकागोहून आलं.

खरवस
बाळू, ही माहिती सोन्याची. माझ्या भाचीला पाठवते.

आता जरा हलकं. दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' कुणी घेतलं कसं नाही? १९७५ ला कराडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या दुर्गाबाई. त्याच बाई खाण्यावर लिहितात तेव्हा लोकसंस्कृती, व्रतं आणि घरातलं पातेलं सगळं एकाच ओघात येतं. विदुषीने स्वयंपाकाबद्दल लिहिलं की एकतर फार पंडिती होतं नाहीतर उपकार केल्यासारखं. हे तसं नाही.

आणि पुलंचं 'माझे खाद्यजीवन', 'हसवणूक'मधलं. ते सुचवण्याची गरज नाही, पण नाव घेतलं नाही तर धागा बाटेल.

लोखंडी_तवा
विज्ञानवाल्यांसाठी: कृष अशोक, 'मसाला लॅब', २०२०. इंग्रजी आहे पण सोपं. मला त्या पुस्तकाने सवय लावली ती 'का' विचारायची. उदाहरण देतो. तूरडाळ कच्ची असताना चिंच घातली की ती गाळ होत नाही, दाणा राहतो. आई ओरडायची, कारण सांगायची नाही. कारण असं की कडधान्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन आंबटात विरघळत नाही. गुळातही थोडा आंबटपणा आणि कॅल्शियम असतं, त्यामुळे तोही आधी घालायचा नाही. उलट चिमूटभर सोडा घातला की छोले लोण्यासारखे होतात, कारण आता पाणी अल्कधर्मी झालं. बोअरचं जड पाणी असलेल्या घरात डाळ का शिजत नाही, त्याचंही उत्तर तेच कॅल्शियम. हॅरल्ड मॅक्गी यांचा 'ऑन फूड अँड कुकिंग' (१९८४) हा यातला बाप ग्रंथ, पण तो जाडजूड आहे. छातीवर ठेवून वाचू नका.

अनुस्वार
एक खंत. अलीकडचं महाराष्ट्राच्या खाण्यावरचं मोठं, नीट संपादन केलेलं पुस्तक म्हणजे सई कोरान्ने-खांडेकरांचं 'पंगत, अ फीस्ट', २०१९. वाचलंय, आवडलं, वेगवेगळ्या समाजांच्या स्वयंपाकघरांत जाऊन आलेलं आहे. पण इंग्रजी! माझ्या आईला भेट द्यायचं तर काय करू? मराठीत चकचकीत फोटोंची 'पनीरचे ५० प्रकार' छाप पुस्तकं येतात आणि मेहनतीचं काम इंग्रजीत जातं.

ग्रंथकीटक
अर्धं खरं. पाटोळे आधी मराठीतच आले होते की. 'रसचंद्रिका'ही. मराठीत लिहिलं जातं, आपण इंग्रजी झाल्यावर जागे होतो. के. टी. अचया यांचं 'इंडियन फूड: अ हिस्टॉरिकल कंपॅनियन' (१९९४) सगळे उद्धृत करतात, पण त्यांनी ज्या देशी भाषांतल्या साधनांवर काम केलं ती कपाटात पडून आहेत. तंजावरच्या सरस्वती महालात दुसऱ्या सरफोजींच्या काळातलं 'शरभेंद्र पाकशास्त्र' आहे, मराठीत. ग्रंथालयाने छापलंही. महाराष्ट्रात किती जणांनी हातात धरलंय?

लोखंडी_तवा
म्हणजे सांबाराचं नाव संभाजीवरून पडलं, ते त्यात आहे का? ;)

ग्रंथकीटक
ती सांगोवांगीची गोष्ट आहे. व्हॉट्सॅपवर शोभते. हलके घ्या.

मिरगुंड
आता माझा प्रश्न. साबांच्या (माझ्या सासूबाईंच्या) सासूबाईंची एक वही सापडली आहे. पाककृतीच आहेत, पण मोडीत. अधूनमधून देवनागरी शब्द. पानं तांबूस आणि कडेला मोडतात. आधी काय करू, वाचायला शिकू की जपायचं बघू?

ग्रंथकीटक
आधी फोटो. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, एकेक पान वरून सरळ. वही पूर्ण उघडू नका, शिवण जाईल. जेवढी सहज उघडते तेवढीच. लॅमिनेशन चुकूनही करू नका, आणि प्लास्टिकच्या पिशवीतही ठेवू नका, आत ओल धरते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात. सेलोटेप लावायचा मोह होईल, तो आवरा.

वाचायला म्हणाल तर मोडी दिसते तितकी अवघड नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग असतात. शिवाय पाककृतीची वही सरकारी दप्तरापेक्षा सोपी, कारण शब्द तेच तेच येतात: तांदूळ, गूळ, तूप, घालावे, ढवळावे. दहा शब्द ओळखता आले की वही बोलायला लागते. आकडे आधी शिका, मापं त्यातच आहेत.

परभणीकर
मिरगुंडताई, वहीत धान्य भाजून दळायचं काही दिसलं तर आधी मला सांगा. येसर असला तर पुस्तकांवरचं माझं म्हणणं अर्धं मागे घेतो.

मिरगुंड
हो, नक्की! पहिल्या पानावर देवनागरीत 'मेतकूट' एवढं लागलंय. खाली डाळी असाव्यात. त्यापुढचं माप 'अदपाव' (अर्धा पाव) आहे की 'अडीच पाव' यावर आमच्या घरी दोन तट पडलेत, साबा अदपाववर ठाम आहेत.

ग्रंथकीटक
फोटो टाका. हिंगासमोर असेल तर 'अडीच पाव' असणार नाही, एवढं न बघताच सांगतो.